कडीचा व्यास

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मेकॅनिकने काचेच्या नळीमागचा शेवटचा स्क्रू पिळला आणि हात पँटला पुसले.

"एक तार सुटली होती मॅडम, बस्स. बाकी नळी नवी कोरी आहे. वापरत नव्हता वाटतं?"

"वापरतो की," मॅडम म्हणाल्या.

अकरा वर्षं त्या हेच सांगत होत्या. त्या नोकरीला लागल्या तेव्हाच नळी बंद होती, पण आधीच्या सरांनी उपकरणांच्या यादीत 'चालू' लिहिलेलं, म्हणून त्यांनीही लिहिलं. बंद म्हणावं, तर मुलं रीडिंग कुठून घेतात? जुन्या जर्नलमधून, आणखी कुठून! नळीच्या काचेवर उमटणाऱ्या कड्यांपैकी आतल्या कडीचा व्यास तीन पूर्णांक एक सेंटिमीटर. दरवर्षी प्रत्येक जर्नलमध्ये तेच, आणि खाली मॅडमची सही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आता उद्या येणाऱ्या परीक्षकांनी प्रयोग चालू करून दाखवा म्हणून कळवलं होतं, आणि मॅडमना नोकरीत कायम करण्याचा कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता.

मेकॅनिक गेला. उद्या प्रयोग करून दाखवणाऱ्या मुलीने खोलीचे पडदे ओढले. तेवढ्यात विभागप्रमुखही डोकावले.

नळीत मागून काचेवर सोडलेले इलेक्ट्रॉन म्हणजे कण. छर्ऱ्यासारखे आपटले तर समोर नुसता ठिपका पडायला हवा. पण ते लाटेसारखे पसरतात, एकमेकांत मिसळतात, आणि कड्या उमटतात. मॅडम हे झोपेतसुद्धा शिकवू शकल्या असत्या. त्यांनी बटण फिरवलं.

काचेवर दोन हिरव्या कड्या उमटल्या. एकात एक, गोल, जिवंत.

"अय्या!" मुलगी ओरडली.

मॅडमच्या ओठांवर आलेलं 'अगं बाई' त्यांनी तसंच गिळलं.

"मॅडमकडे बघ," विभागप्रमुख हसले. "त्यांना काय त्याचं? रोजचंच!"

मॅडम खाली वाकून उगाचच वायर नीट करत बसल्या. डोळे भरून आले होते आणि रागही येत होता. एका तारेपायी अकरा वर्षं!

विभागप्रमुख गेल्यावर मुलीने जर्नलमधल्याइतकंच व्होल्टेज ठेवून पट्टी लावली.

"दोन पूर्णांक पाच. मॅडम, माझं काही चुकलं का?"

"परत मोज."

तिने तीनदा मोजलं. दोन पूर्णांक पाच. मॅडमना उमगलं, ते जुने आकडे ही नळी येण्याआधीच्या, लांब नळीचे असणार. कोणी तपासलंच नव्हतं. आता खरं लिहायचं, तर अकरा वर्षांच्या सह्यांचं काय करायचं?

"तीन पूर्णांक एक लिही."

मुलीने मुकाट्याने लिहिलं. आजवर सगळ्यांनी लिहिलं तसंच. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं मॅडमना वाटून गेलं.

मुलीने व्होल्टेजचं बटण थोडं पुढे फिरवलं. कड्या हळूहळू आक्रसल्या.

"मॅडम, पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा तुम्हालाही असंच भारी वाटलं होतं का हो?"

बाहेर विभागप्रमुख कोणाशी तरी मोठ्याने बोलत होते. मॅडमनी दाराकडे पाहिलं, मग कड्यांकडे.

"आत्ता वाटतंय," त्या म्हणाल्या.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने लिहिलेला आकडा खोडला, शेजारी दोन पूर्णांक पाच लिहिलं, आणि पेन ठेवून जर्नल सहीसाठी मॅडमपुढे सरकवलं.