प्लास्टिकखाली राहिलेली सीट

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एक कल्पना करा. कुणीतरी तुमच्या मापाचा छान नवाकोरा सदरा शिवला, तुमच्या अंगात घातला आणि वरून गळ्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टिक गुंडाळले. म्हणाले, "सदरा मळायला नको. चांगला दिवस उजाडला की प्लास्टिक काढू." दिवसांमागून दिवस गेले. चांगला दिवस काही उजाडेना. तुम्ही आत घामाघूम, आणि बाहेरचे लोक म्हणताहेत, "वा! काय जपलंय हो याला!"

कसे वाटेल? उघडा आता डोळे. मी कोण ते सांगते.

मी एक जुनी सीट आहे. एका जुन्या, टपोऱ्या दिव्यांच्या मोटारीची मागची सीट, तिघांना ऐसपैस सामावून घेणारी. आपलीच टिमकी आपण वाजवू नये म्हणतात, पण खरे ते सांगायला लाजायचे कशाला? माझ्या पोटात पोलादी स्प्रिंगा आहेत आणि त्या एकमेकींना जाड सुतळीने बांधलेल्या आहेत. त्यांच्यावर गोणपाट, त्यावर काथ्या, त्यावर पिंजलेला कापूस आणि सगळ्यांच्या वर भाजलेल्या विटेच्या रंगाचे अस्सल चामडे. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एक शिवणारी बाई होती. शेवटचा टाका घालून तिने दोरा दाताने तोडला, माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली आणि म्हणाली, "जा! खूप माणसं बसोत तुझ्यावर!"

आशीर्वाद असा भरघोस मिळाला. मग वाटेत धूळ लागू नये म्हणून कुणीतरी मला प्लास्टिक चढवले आणि सगळे घोडे तिथेच अडले.

मला विकत घेणारे गृहस्थ घड्याळजी होते. सगळी गल्ली त्यांना काका म्हणे, म्हणून मीही काकाच म्हणते. त्यांच्या धंद्यात धूळ म्हणजे हाडवैरी. केसाएवढा कण चाकात गेला की चांगले चालते घड्याळ गप्प बसते. म्हणून त्यांच्या दुकानात प्रत्येक वस्तूवर काच असे. हत्यारांवर काच, सुट्या चाकांवर काच, चहाच्या कपावरसुद्धा बशी पालथी. असा माणूस माझ्यावरचे प्लास्टिक काढेल कशाला? उलट ते जुने झाले, चिरले, तेव्हा त्यांनी दुप्पट जाड प्लास्टिक आणून माझ्या मापाने शिवून घेतले.

"चांगल्या दिवशी काढू," ते म्हणत.

काकू मागे बसत, कारण पुढे बसले की त्यांना भोवळ येई. मी त्यांच्या मांडीखाली करकर वाजे. उन्हात प्लास्टिक असे तापे की काकू रुमाल अंथरून बसत, आणि वळणावर घसरून थेट दारावर जाऊन आदळत. कुणी गाडीची स्तुती केली की त्या म्हणत, "मला नका विचारू. सगळा जन्म मी प्लास्टिकवर बसलेय, गाडीत नाही."

काका हसत आणि म्हणत, "अगं, खालचं चामडं बघ कसं नवंकोरं राहील!"

खाली काय होत होते ते फक्त मला ठाऊक होते. चामड्यालाही वारा लागतो, मित्रांनो. आतली ओल बाहेर जायला वाट नव्हती आणि बाहेरचा वारा आत यायला वाव नव्हता. उन्हाने मी सुकले, दमटपणाने मला बुरशी चढली. पुढच्या दोन्ही सीट तर केव्हाच झिजून फाटल्या होत्या आणि त्यांना साधे कापड लागले होते. गाडीत मूळचे चामडे म्हणून उरले होते ते माझेच, आणि तेही वाळत चालले होते.

पण मी तशी खचणारी नव्हे. कारण माझ्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, एक गंमत चालली होती.

काकांच्या धाकट्या भावाची मुलगी गाडीत नेहमी त्या कोपऱ्यात बसे. एका जागी पाय ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. अगदी लहान असताना एकदा तिची मांडी प्लास्टिकला चिकटली. ती सोडवता सोडवता तिच्या नखाला शिवणीजवळ एक बारीक चीर लागली. आत काय आहे, हे बघायला तिने नख घातले. पुढच्या वेळी बोट घातले. होता होता तिच्या तळहाताएवढी खिडकी तयार झाली! गाडी निघाली की भिंगरी आपला हात त्या खिडकीत सरकवी आणि पोचेपर्यंत मला कुरवाळत राही. उतरताना एक छोटी उशी ती त्या जागेवर नीट ठेवून देई.

आरशातून काकांना फक्त तिचा चेहरा दिसे आणि ते काकूंना म्हणत, "बघ, एरवी भिरभिरते, पण माझ्या गाडीत कशी शहाण्यासारखी एका जागी बसते! मुलांना वस्तूची किंमत कळायला हवी ती अशी."

भिंगरी खिडकीबाहेर बघे. तिचे कान मात्र लाल होत.

अखेर तो चांगला दिवस जवळ आला. शहरात जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता आणि काकांच्या गाडीला बोलावणे आले होते. आतून-बाहेरून चकचकीत असलेल्या गाड्या पहिल्या रांगेत उभ्या राहणार होत्या. काका नवरदेवासारखे नटून गॅरेजमध्ये आले, सगळ्यांना हाक मारली आणि उजव्या टोकाकडून प्लास्टिकची शिवण उसवून त्यांनी कोपरा वर उचलला.

आधी वास आला. मग दिसले ते पांढरे-हिरवे डाग, आणि भेगाळलेल्या शेतासारखे कडक चामडे. काकांनी बोट टेकवले तर एक टवकाच हातात आला.

त्यांनी उचललेला कोपरा पुन्हा खाली सोडला.  

दुसऱ्या दिवशी सीट शिवणारे कारागीर आले, त्यांना सगळे मामा म्हणत. पोट सुटलेले, कानावर खडूचा तुकडा आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. त्यांनी उजवीकडून कोपरा उचलला, नाक मुरडले आणि एका वाक्यात माझा निकाल लावला.

"मेलं हे. ओरबाडून टाकू. नवं रेक्झिन, नवा फोम. मेळाव्यात अशी चमकेल की लोक गॉगल लावून बघतील!"

"आणि ही?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"हिचं काय? भंगारात."

काका हळूच म्हणाले, "सगळीच गेली का हो?"

"आता आंबा एका बाजूने नासला, तर दुसरी बाजू काय गोड निघणारेय?"

माझ्या स्प्रिंगा थरारल्या हे कबूल करते. डाव्या कोपऱ्यात मी जिवंत आहे, हे मला ओरडून सांगायचे होते. पण सीटला तोंड नसते. तोंड होते ते दारात उभ्या असलेल्या भिंगरीला. आणि तिने ते उघडले, तर काकांच्या नजरेतली शहाणी मुलगी त्याच क्षणी संपणार होती.

मामांनी खिशातून धारदार सुरी काढली.

"थांबा!" भिंगरी गाडीत शिरली. तिने उशी उचलली आणि छातीशी घट्ट धरली. "इथे बघा. इथे नाही मेलेली."

प्लास्टिकच्या त्या खिडकीतून माझे चामडे दिसत होते. विटेच्या रंगाचे, मऊ, हात फिरून फिरून किंचित चकाकणारे. मामांनी अंगठा दाबला. सुरकुत्या पसरल्या, अंगठा उचलताच पुन्हा मिटल्या. मामांनी पुन्हा एकदा दाबून बघितले.

काकांनी खिशातून आपले घड्याळ तपासायचे भिंग काढले, डोळ्याला लावले आणि वाकून बराच वेळ बघत राहिले. भिंग न काढताच त्यांनी विचारले, "हे कुणी केलं?"

"मी. नखाने."

"एका दिवसात?"

"नाही. गाडी निघाली की थोडं थोडं."

"आणि मी तुला शहाणी म्हणत होतो."

"म्हणून तर सांगता येत नव्हतं, काका."

"अहो," काकू म्हणाल्या, "रागवायचं असेल तर जेवून मग सावकाश रागवा. आधी मामांना विचारा, याचा अर्थ काय."

मामा डोके खाजवत म्हणाले, "अर्थ असा, की घाईत मी चुकलो. एवढ्याशा भोकातून वारा गेला, माणसाचा हात फिरला, तर इथलं चामडं टिकलंय. म्हणजे माल अस्सल आहे. बाकीचंही बरंचसं परत आणता येईल. सगळं नाही, बरंचसं. पण सावकाशीचं काम आहे. मेळाव्यात चमकायचं असेल तर रेक्झिन. हिला वाचवायचं असेल तर मेळावा विसरा."

काकांनी भिंग डोळ्यावरून काढले, पुसले आणि खिशात ठेवले. मेळाव्याचे निमंत्रण त्यांनी दुकानात काचेखाली लावले होते. ते रोज दहा जणांना दाखवत. ते मामांना म्हणाले, "सुरी ठेवा आत."

आणि भिंगरीला म्हणाले, "तू इकडे ये. भोक पाडणाऱ्याने कामाला लागायचं."

मग काय, मित्रांनो, माझी अशी सेवा झाली की विचारू नका! प्लास्टिक गेले. मला उचलून गॅरेजमधल्या टेबलावर ठेवले. दारे उघडी टाकली, पण ऊन अंगावर येऊ दिले नाही. भिंगरीने नाकाला फडके बांधून मऊ ब्रशने बुरशी झाडली. मग साबणाचा फेस आणि घट्ट पिळलेले फडके, लगेच कोरडे फडके आणि सावलीत विश्रांती. काका तेवढ्यात केसांच्या तेलाची बाटली घेऊन धावत आले.

"जरा चोळू का? मऊ पडेल."

"ठेवा ती बाटली!" मामा ओरडले. "सीट आहे, टाळू नव्हे!"

त्यांनी चामड्याचे खास मलम आणले होते. भिंगरी बोटांनी ते पातळ चोळी आणि थांबे. मी पीत असे. वरचे सुकले की पुन्हा चोळी. कडकपणा एकदम जात नाही. रुसलेल्या माणसासारखा तो हळूहळू जातो.

भेगांना मामांनी आतल्या बाजूने कापड चिकटवले. मधली एक पट्टी मात्र वाचली नाही. तिच्या जागी त्यांनी माझ्याच पाठीमागचे, डिकीच्या बाजूचे, कुणाला न दिसणारे चामडे कापून लावले. कुजलेले टाके उसवून नवा दोरा घातला, तो एकेका जुन्या भोकातूनच. "शेजारी नवी भोकं पाडली," ते भिंगरीला सांगत, "की वहीचं पान फाडावं तसं चामडं ओळीत फाटतं. ज्याने आधी शिवलं त्याच्याच वाटेने जायचं." दोरा त्या वाटेने जाऊ लागला तेव्हा मला कारखान्यातल्या बाईचा हात आठवला.

काका दुकान बंद करून रोज येऊन बसत. एकदा त्यांनी विचारले, "मामा, झाकून ठेवलं तर वस्तू टिकते, हे चूक का हो?"

"घड्याळाला बरोबर," मामा म्हणाले. "पण घड्याळ आणि चामडं सख्खी भावंडं नव्हेत, काका."

मेळावा आला आणि गेला. पहिल्या रांगेत दुसऱ्याच गाड्या उभ्या राहिल्या. मी तेव्हा टेबलावर उताणी पडले होते आणि माझ्या पोटातली सुतळी बदलणे चालले होते. खरे सांगू? मला त्या रांगेचे जरासुद्धा वाईट वाटले नाही.

आज मी पुन्हा गाडीत बसले आहे. माझ्या अंगावर ठिगळे आहेत. उजव्या बाजूला डागांची सावली आहे आणि ती जाणार नाही. पण दाबून बघा, मी दबते आणि पुन्हा वर येते. एखाद्या नव्या सीटने माझ्याशी टक्कर घेऊन दाखवावी!

मित्रांनो, काकांना हसू नका. त्यांनी माझ्यावर मायाच केली, फक्त मला काय हवे ते कधी विचारले नाही. तुमच्याही घरात कपाटात ठेवलेले काहीतरी असेल, चांगल्या दिवसाची वाट बघत पडलेले. ते बाहेर काढा. पुसा, वारा द्या, वापरा. वापरताना ओरखडा पडला तर दुरुस्त करा. जपायचे म्हणजे रोज थोडे लक्ष द्यायचे. कुलूप लावून निर्धास्त व्हायचे, याला जपणे म्हणत नाहीत.

आता शेवटचे सांगते. मला गाडीत बसवले, मामा हात धुवायला गेले आणि इतक्यात काका काखेत काहीतरी गुंडाळी घेऊन आले. प्लास्टिक! नवे, स्वच्छ, पारदर्शक.

"फक्त धुळीपुरतं," ते कुणाकडेही न बघता पुटपुटले.

काकू दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. 

भिंगरीने काकांच्या काखेतून गुंडाळी अलगद काढली आणि जमिनीवर ठेवली. गाडीचे मागचे दार उघडले. "काका, तुम्ही कधी मागे बसलाच नाहीत."

काका थबकले. खरेच की! इतकी वर्षे ते नेहमी चाकामागे. त्यांनी पाय झाडले, वाकले आणि जपून माझ्यावर टेकले. मी त्यांना सावकाश आत घेतले. त्यांचा एक हात आपोआप बाजूला चामड्यावर फिरू लागला. काकू दुसऱ्या बाजूने येऊन बसल्या. ना करकर, ना रुमाल. त्यांनी बसल्या बसल्या एकदा हलून बघितले.

मग म्हणाल्या, "अगंबाई, गाडी चांगली आहे हो आपली!"

भिंगरीने आपल्या कोपऱ्यातली छोटी उशी उचलली आणि काकूंच्या पाठीशी सारली. मग धावत पुढे गेली, चाकामागे चढून बसली, आरसा आपल्या उंचीला फिरवला, दोन्ही हातांनी हॉर्न दाबला आणि आरशात बघत विचारले, "बोला, कुठे सोडू?"