रेडिओचं हसू

या, असे जवळ सरकून बसा. एक कथा सांगतो. देवादिकांची नाही, आमच्या गल्लीतल्या न्हाव्याची. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण दुकान उघडलं की तो सुरू व्हायचा आणि कुलूप लागेपर्यंत थांबायचा नाही.

मी फोटोग्राफर. पोट भरायचं लग्नांच्या आणि ओळखपत्रांच्या फोटोंवर, जीव रमायचा रेडिओच्या दुकानात. खुर्चीशेजारच्या खिडकीतून इतका मऊ उजेड यायचा की देवानेच सोय करून ठेवलेली वाटावी. गिऱ्हाइकाची दाढी उरकली की मी समोर कॅमेरा लावायचो. माणूस लगेच ताठ, साहेबापुढे उभा केल्यासारखा. मग रेडिओ माझ्या मागे येऊन टॉवेल झटकत म्हणायचा, "काका, आता काकू ओळखतील ना, की पाहुणा समजून चहा टाकतील?" चेहरा उमलायचा, मी बटण दाबायचो. पोस्टमन, सुतार, निवृत्त मास्तर, सगळे असे टिपले. लोक म्हणत, तुझ्या हाताला गुण आहे. गुण त्याच्या जिभेला होता.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आवाज गेला. आजार तेवढा राहिला.

त्याची बायको माझ्याकडे आली. "भावजी, यांचा एक फोटो काढून द्या. हसतानाचा. पोर अजून बोबडं बोलते. तिला बाप खाटेवरचाच आठवायला नको."

रेडिओला त्याच्याच खुर्चीत बसवला. खिडकी तीच, उजेड तोच. मी कॅमेऱ्याला डोळा लावून थांबलो. कशासाठी थांबलोय ते कळायला वेळ लागला. मागे टॉवेल झटकणारं कुणी नव्हतं.

शेवटी मीच तोंड उघडलं. "काय रेडिओ, वहिनी ओळखतील ना, की पाहुणा समजून चहा टाकतील?" त्याचंच वाक्य, पण माझ्या तोंडून नोटीस वाचून दाखवल्यासारखं आलं. सुताराच्या टकलाचा किस्सा सांगितला, तोही मध्येच अडकला. घामाघूम झालो. रेडिओ माझ्याकडे बघत राहिला. मग त्यालाच माझी दया आली असावी. तो हसला. मी बटण दाबलं.

वहिनींनी फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. "छान आलाय," म्हणाल्या. मग हलकेच, "पण भावजी, हे गिऱ्हाइकाला द्यायचं हसू आहे. घरातलं नाही."

"उद्या परत काढू," मी म्हणालो. देवाने तो उद्या दिला नाही.

मग मी जुने फोटो उपसले, एखाद्या कोपऱ्यात तरी तो सापडेल म्हणून. सगळी गल्ली हसताना सापडली. सगळ्यांची नजर कॅमेऱ्याच्या थोडी पलीकडे, माझ्या खांद्यामागे. तो तिथे उभा आहे. फोटोत कुठेच नाही.

वहिनींनी तोच एक फोटो भिंतीवर लावला. पोर आता स्पष्ट बोलते. त्या फोटोला ती "दुकानातले काका" म्हणते. वहिनी दर वेळी चूक सुधारतात, ती दर वेळी विसरते. मी देवाला हात जोडतो, पण काय मागावं ते सुचत नाही. दुकान आता दुसरा न्हावी चालवतो, पण तिथे कॅमेरा नेणं मी सोडलं.

तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, आणि दाखवायला माझ्याकडे काही नाही. तरी कधी गळ्याभोवती फडकं गुंडाळून खुर्चीत बसाल आणि मागून कुणी तुम्हाला हसवेल, तेव्हा आमच्या रेडिओची आठवण काढा. त्याच्या पोरीला ती काढता येणार नाही.