फळ्यावरची चौथी ओळ

बाईंनी फळ्यावरची चौथी ओळ पुसली आणि त्या जागी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या स्वागताची ओळ लिहिली. फळ्यावर दुसरीकडे जागाच नव्हती. स्वागत दिसलंच पाहिजे, असं मोठ्या सरांनी सकाळपासून तीनदा बजावलं होतं.

फळ्यावरचा पाठ विज्ञानाचा होता. मूळ पाणी शोषते. खोड झाडाला आधार देते. पान अन्न तयार करते. बाईंच्या वर्गात वाचनाचा वेगळा तास नव्हता. त्रिकोण शिकवतानाच त्रि, को, ण हे आवाज सुटे व्हायचे. बी पेरताना कुंडीवर तिचं नाव चिकटायचं. एकेका आवाजाला एकेक बोट उचलायचं, मग मूठ मिटून अख्खा शब्द म्हणायचा. चार वर्षं त्यांनी हे नेटाने चालवलं होतं. मोठ्या सरांना मात्र हा सगळा पसारा वाटे. आज साहेबांना पटलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून वाचनाचा वेगळा तास आणि छापील गिरवणीच्या वह्या, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

जीव टांगणीला लागला की शहाणी माणसंही नको ते करून बसतात. बाईंनी आठ दिवस तोच पाठ घोटून घेतला. आधी म्हणाल्या, जरा सराव. तिसऱ्या दिवशी मुलं फळ्याकडे न बघताच घडाघडा म्हणू लागली, तेव्हा थांबायला हवं होतं. थांबल्या नाहीत. उलट त्यांना हायसं वाटलं.

अडचण एकीचीच होती. वर्ग तिला गोगलगाय म्हणे. इस्त्रीवालीची ही मुलगी प्रत्येक आवाजाला बोट उचलायची, थांबायची, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. पाठ करणं तिला जमतच नव्हतं. तिच्या एका ओळीत बाकीच्यांच्या चार व्हायच्या. तेव्हा बाईंनी सकाळीच तिच्या हातात पाण्याचा मग दिला आणि व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम सोपवलं. पोर इतकी खूश झाली की बाईंनी मान फिरवली.

साहेब आले, मागच्या बाकाशी उभे राहिले आणि मोबाइल काढून मुलांच्या बोटांचं चित्रण करू लागले. बाईंनी छडी पहिल्या ओळीवर ठेवली. तीस हात वर गेले, बोटं एकदम उलगडली, मुठी एकदम मिटल्या. दुसरी ओळ. तिसरी. सवयीने छडी चौथ्या ओळीवर गेली, आणि तीस मुलांनी खणखणीत आवाजात वाचलं,

"फळ बी सांभाळते."

छडी साहेबांच्या स्वागतावर होती.

आता पितळ उघडं पडणार म्हणून बाई साहेबांकडे बघत राहिल्या. साहेबांची नजर मोबाइलवरून हलली नव्हती. अशी पद्धत प्रत्येक शाळेत गेली पाहिजे, असं ते मोठ्या सरांना म्हणाले. मोठ्या सरांनी लगेच मान डोलावली, जणू चार वर्षं ते हेच सांगत होते.

मधली सुट्टी झाली, वर्ग रिकामा झाला. बाई टेबलाशी नुसत्या बसून होत्या. गोगलगाय रिकामा मग ठेवायला आली आणि फळ्यासमोर रेंगाळली. बोटं एकेक करून वर आली. मूळ झालं, खोड झालं, पान झालं. चौथ्या ओळीशी ती अडली, मागे गेली, पुन्हा निघाली.

"सा... हे... बां... चे... स्वा... ग... त." तिने मूठ मिटली. "साहेबांचे स्वागत."

कुणी न शिकवलेली ओळ तिने वाचली होती. चार वर्षं बाई ज्याची वाट बघत होत्या ते समोर घडलं, आणि त्यांना शाबासकी देता येईना.

"बाई, इथे फळ कुठंय? मी खिडकीतून ऐकलं ना, सगळे फळ म्हणाले."

"पुसलं मी ते."

"मग त्यांनी वाचलं कसं?"

बाईंनी डस्टर उचलला आणि तसाच खाली ठेवला. तेवढ्यात मोठे सर दारात आले. चेहरा नुसता फुलला होता. उद्या कॅमेरेवाले येणार, सगळ्या शाळांना दाखवायला याच पाठाचं चित्रण होणार, म्हणाले. मुलं हीच, बसवायची अशीच, काही म्हणता काही बदलायचं नाही. बोलता बोलता त्यांचं लक्ष मुलीकडे गेलं.

"ही नव्हती ना मघाशी?"

"नव्हती," बाई म्हणाल्या.

"मग झालं तर." सर निघून गेले.

मुलीने टेबलावरचा मग पुन्हा हातात घेतला. काठाला लागलेली माती फ्रॉकला पुसली.

"बाई, मग उद्यापण कुंड्यांना मीच पाणी घालू?"

"हो," बाई म्हणाल्या, "तूच घाल."