मापाचा दांडा

जोहान्सबर्गच्या खाणीतून दोन वर्षांनी मलावीतल्या गावी परतलेल्या बिझिविकला दाराशी टेकवलेली बायकोची कुदळ दिसली आणि त्याचं तोंडच उतरलं. पातं जुनंच होतं, झिजून तळहाताएवढं झालेलं, पण दांडा कोरा होता. त्यांच्याकडे बायकोच्या कुदळीला दांडा नवराच घालतो. दुसऱ्या कुणी घातला तर गावभर बोभाटा होतो.

“दांडा कुणी घातला?”

“मी,” मक्याचा घाटा घोटत एनेलेस म्हणाली. “पाऊस काय तुमची वाट बघत थांबणार होता?”

“तुला साधी खुंटी तासता येत नाही.”

त्यानं दांडा ठोकून काढला आणि तिच्या डोळ्यांदेखत चुलीत सारला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुपारपर्यंत खपून बाभळीचा दांडा तासला, कुदळीत बसवला आणि तिच्या हाती दिला. वावरात उभं राहून तिनं एक घाव घातला. दांडा चांगला वीतभर लांब झाला होता.

“आण इकडे, कापून देतो,” तो ओशाळून म्हणाला. “कुठवर कापू?”

एनेलेसनं कुदळ त्याच्या पायाशी टाकली.

“त्याला विचारावं लागलं नव्हतं,” ती म्हणाली.