उस्तादांनी उतरवलेलं वजन

बंदुका दुरुस्त करणाऱ्या उस्तादांचा एक नियम होता, आणि तीस वर्षांत तो त्यांनी कुणासाठी मोडला नव्हता. दस्त्याचं लाकूड जरा जरी उतरवलं, तरी गिऱ्हाइकाला दुकानात बोलवायचं, बंदूक खांद्याला लावायला सांगायची आणि दहा श्वास मोजायचे. मग विचारायचं, "आणखी काढू की बस?" गिऱ्हाईक 'बस' म्हणालं की हत्यार खाली. लोक वैतागायचे, चार-चार खेपा घालायचे, पण पुन्हा तक्रार घेऊन कुणी यायचं नाही.

तो नियम मोडला एकदाच, आणि तोही पोटच्या पोरीसाठी.

लेक नेमबाज होती. बावीस बोअरच्या रायफलीनं उभ्यानं नेम धरायची. वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. यंदा संघात आली तर आली, नाहीतर मोठ्यांच्या गर्दीत तिला कोण विचारतंय! त्यात मध्यंतरी खांदा दुखावला होता. "बाबा, बंदुकीचं वजन अर्धा किलो कमी झालं तरी पुरे," ती म्हणाली होती.

अर्धा किलो! उस्तादांना तो जवळजवळ अपमानच वाटला. अर्धा किलो कुणीही सोम्यागोम्या काढून देईल. त्यांनी रीतसर परवानगी घेतली. नळी किमान किती लांब हवी ते कायद्यानं ठरलेलं. त्यांनी ती तिथवर आणली आणि वर नखभर राखली. दस्ता आतून पोखरला, लोखंडी पट्ट्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या. रोज वजन करायचे. काटा जसजसा खाली येई, तसतशी उस्तादांची मान वर जाई.

लेक तीनदा दुकानात आली. "एकदा लावून बघू का?"

"तू काय गिऱ्हाईक आहेस? तुझा खांदा मला पाठ आहे. पूर्ण झाली की बघ."

पूर्ण झाली ती निवडीच्या आदल्या संध्याकाळी, सव्वा किलोनं हलकी. सकाळी मैदानावरच्या तपासनिसानं नळी मोजली, वजन केलं आणि कागदावर शिक्का मारला. "सगळं नियमाच्या अगदी काठावर, पण केसभरही पलीकडे नाही. याला म्हणतात काम!" तो मोठ्यानं म्हणाला. उस्तादांची दोन-तीन गिऱ्हाइकं जवळच उभी होती. उस्तादांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

लेकीनं बंदूक खांद्याला लावली आणि हळूच म्हणाली, "बाबा, जास्तच हलकी झालीये. एका जागी थांबतच नाहीये हो."

"होईल सवय," उस्ताद म्हणाले. शिक्का बसल्यावर बंदुकीला हात लावता येत नव्हता.

फेरी सुरू झाली. नळीचं टोक तिच्या काळजाच्या प्रत्येक ठोक्यासरशी हलत होतं, ते उस्तादांना लांबूनही दिसत होतं. बंदुकीला थोडा भार हवाच, तोच हाताची थरथर गिळतो, हे त्यांनी किती जणांना ऐकवलं होतं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अर्ध्या किलोवर ही पोर 'बस' म्हणाली असती. पण तिला विचारलं कुणी?

तीन गुणांनी ती मागे राहिली.

प्रशिक्षक एक कागद घेऊन आले. बंदूक नेमबाजाला बसत नाही असं कारागिरानं लिहून दिलं, तर दुसऱ्या बंदुकीवर आणखी एक फेरी मिळायची. तसा नियमच होता. "उस्ताद, आज हिचं काहीतरी बिनसलं होतं. बंदुकीचं काही आहे का? असेल तर सांगा, अजून वेळ आहे."

तपासनीस तिथेच होता. गिऱ्हाइकंही होती. लेक बापाकडे बघत होती. एक सही करायची होती, बस्स. एवढ्या कायद्याच्या माणसाला, एवढ्या मापाच्या माणसाला, ती झाली नाही.

"बंदूक चांगली आहे, सर," शेवटी लेकच म्हणाली. "मीच कमी पडले."

प्रशिक्षक कागदाची घडी घालून निघून गेले. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

घरी येईपर्यंत उस्तादांनी मनाशी दहादा वाक्य जुळवलं: चूक माझी झाली. चार शब्दसुद्धा धड नाहीत. मैदानावर लोक होते, अब्रूचा प्रश्न होता, हे एक वेळ समजून घेऊ. पण घरात कोण गिऱ्हाईक बसलं होतं?

बायकोनं दार उघडलं. दोघांचे चेहरे बघून तिनं नवऱ्यालाच विचारलं, "अहो, काय झालं?"

लेक खाली वाकून बुटाची नाडी सोडत होती.

"हात हलला तिचा," उस्ताद म्हणाले.

लेकीचा हात नाडीवर थांबला. मग तिनं दुसरीही नाडी सोडली, बूट भिंतीशी नीट लावले आणि बापाकडे न बघता म्हणाली, "हो गं आई. हात हलला."