गणितातली बस थांबत नाही

"शंभर? बाबा, उत्तर एकशेवीस आहे! हे शंभर कुठून आणलंत?" लेकीने कपाळावर हात मारून घेतला.

गणित म्हटलं तर सरळ होतं. बस जाताना ताशी चाळीस, त्याच रस्त्याने येताना ताशी साठ किलोमीटर, जाऊन-येऊन वेळ पाच तास. तर एका बाजूचं अंतर किती? ड्रायव्हरसाहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "पाच तासांतून थांब्यांची पन्नास मिनिटं वजा केली. उरलेल्या वेळात शंभरच बसतात. बघ करून."

"थांबे कुठे दिलेत गणितात?"

"द्यायला कशाला हवेत? बस आहे ना ती? माणसं काय चालत्या गाडीतून उड्या मारणार?"

लेक पोट धरून हसली. ते मात्र हसले नाहीत. सव्वीस वर्षं क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेला होता, आणि आता स्टिअरिंग सोडा म्हणून डॉक्टरांनी लेखीच दिलं होतं. वाहतूक नियंत्रकाची परीक्षा पास झाले तर टेबलाची जागा, नाहीतर डेपोच्या मागे गाड्या धुवायच्या. दोनदा गणितानेच घात केला होता. ही तिसरी खेप, आणि शेवटची.

"मी गाड्या धुणार नाही," ते म्हणाले. "आण ती वही. क्ष म्हणजे अंतर. पुढे बोल."

"जायचा वेळ क्ष भागिले चाळीस, यायचा क्ष भागिले साठ. दोन्हींची बेरीज पाच. आणि मध्ये कोणीही हात केला तरी थांबायचं नाही!"

"म्हातारी असली तरी?"

"तरी!"

दीड महिना घरात हेच. ड्यूटीआधी दोन गणितं, जेवताना दोन. "अहो, गिळा आधी," बायको करवादायची, तर हे म्हणायचे, "दम धर गं, गाडी आत्ताच सुटलीय."

पेपरात शेवटचं गणित दोन गाड्यांचं निघालं. एक तासभर आधी सुटलेली, दुसरी मागून सुसाट, गाठणार कधी? मागच्याला मेल्याला एवढी घाई कसली, हेच पहिल्यांदा साहेबांच्या मनात आलं. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं आणि क्ष मांडला. गुडघा ठणकत होता, तरी घंटा होईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

पास व्हायला चाळीस लागत होते. बेचाळीस मिळाले. डेपोत पोरांनी पाठ थोपटून थोपटून लाल केली.

"उद्यापासून टेबल," मॅनेजर हसत म्हणाले. "ड्रायव्हरचा बिल्ला तेवढा जमा करा."

हे काही ड्रायव्हरसाहेबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळा जीव पास होण्यात अडकला होता. त्यांनी पिन काढायला घेतली, आणि अर्धी काढून परत लावली.

"काढून देऊ का?" मॅनेजरांनी विचारलं.

"नको साहेब. काढतो मीच."

बिल्ला निघाला. बाकीचा शर्ट उन्हाने पांढुरका पडला होता. बिल्ल्याखालचं कापड तेवढं नव्यासारखं गडद राहिलं होतं. त्यावर तळहात ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने रजिस्टरवर सही केली.