चौथ्या दिवशी पिकणारी उंबरं

बाप गेला त्याच्या अकराव्या दिवशी अवातिफला मुलगी झाली. मुलगी सात दिवसांची असताना, शनिवारी, दवाखान्यातल्या नर्सनं काट्यावरची नजर न काढता सांगितलं, "वजन उतरतंय, बाई. गुरुवारी परत आणा. चढलं नसेल तर शहरातल्या इस्पितळात ठेवून घ्यावं लागेल."

दूध नव्हतं असं नाही. छाती दगडासारखी भरली होती, पण पान्हा फुटत नव्हता. पोर ओढून ओढून दमायची, रडायची आणि रडून थकली की झोपायची.

खाला सनिय्या, म्हणजे अवातिफच्या आईची धाकटी बहीण, बाळंतपणाला आली होती. तिला कारण ठाऊक होतं. "दूध बांधलंय तुझं. मयतीवरनं आलेलं कुणीतरी तुझ्या खोलीत शिरलं असणार."

"खाला, मयत माझ्याच बापाची होती. तिथून मीच आलेय."

"म्हणूनच तर म्हणते!"

त्या दिवसापासून खाला दारात ठाण मांडून बसली. काळ्या कपड्यातली एकही बाई आत येऊ दिली नाही. खोलीत कुणी डोळ्याला पदर लावायचा नाही, गेलेल्या बापाचं, शहाताचं, नाव घ्यायचं नाही. तासातासाला मेथीचं गरम पाणी मात्र येत राहिलं.

अवातिफ तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दरवर्षी ती फळ्यावर एक आकृती काढी: बाळ ओढतं, मज्जातंतू ती खबर मेंदूला देतात, मेंदू रक्तात एक संप्रेरक सोडतो आणि पान्हा फुटतो. भीती किंवा दुःख मध्ये आलं की ही साखळी अडते, हेही ती सांगायची. आठ वर्षं शिकवलेलं हे सगळं तिला ओळ न ओळ पाठ होतं, आणि त्यानं एक थेंब हलत नव्हता. खालाच्या बंदोबस्तावर तिचा विश्वास नव्हता. पण तो तिला सोयीचा होता. दफनाच्या दिवसापासून ती रडली नव्हती.

रविवारी सकाळी शेजारच्या मुतवल्लीनं कुंपणापलीकडून हाक मारली. "खाला! शहाताच्या झाडाची उंबरं अजून कुणी चिरली नाहीत. आज-उद्यात हात लागला नाही तर वाळून गळतील सगळी."

"नाव घेऊ नकोस म्हटलं ना!" खाला ओरडली.

अवातिफ उठून बसली. कालव्याकाठचं ते झाड बाबांनी तीस वर्षं सांभाळलं होतं. इथली उंबरं आपणहून पिकत नाहीत. प्रत्येक फळाच्या तोंडाशी सुरीची एक चीर द्यावी लागते, मग तीन-चार दिवसांत ते फुगतं, मऊ होतं, गोड होतं.

"मी जाते," ती म्हणाली.

"चाळीस दिवस व्हायचेत अजून! ओली बाळंतीण झाडावर चढणार?"

"चढायचं कशाला? खोडालाच घोस आहेत."

"आणि पोर?"

"तू घे. तू बरोबर असताना कुणाची हिंमत आहे काही बांधायची?"

खाला पुटपुटली, "मास्तरीणबाईंना तोंड मात्र आहे." पण पोरीला दुपट्यात गुंडाळून निघाली.

बाबांची सुरी झाडाच्या ढोलीतच होती, बोटभर पात्याची, मुठीला चिंधी बांधलेली. त्यांचा अंगठा जिथे बसायचा तिथे चिंधी काळी पडली होती. अवातिफनं पहिलं फळ चिरलं. पांढरा चीक आला. दुसरं, तिसरं.

कॉलेजातून ती सुट्टीला आली असताना याच झाडाखाली वाद झाला होता. बाबांना अक्षर येत नव्हतं, प्रश्न मात्र यायचे. "झाडाला मज्जातंतू नाहीत म्हणतेस. मग सुरी लागलेली फळाला कळते कशी?"

"जखम झाली की फळ एक वायू सोडतं, बाबा. इथिलीन. तेच त्याचं संप्रेरक. ते हळूहळू पसरतं आणि सगळं फळ पिकतं."

"हळूहळू म्हणजे चार दिवस. तुझ्या आईला राग यायला एवढाच वेळ लागायचा."

तिला हसू आलं, आणि तेवढ्यात सुरी निसटली. दुखायच्या आधीच हात मागे आला होता. मग कळ आली, मग रक्त. तिनं अंगठा तोंडात घातला. कडवट चीक, लोखंड, रक्त. लहानपणी बाबा तोंडात उंबर भरवायचे, तेव्हा त्यांच्या अंगठ्याला हीच चव असायची.

ती खोडाला कपाळ टेकून रडली. मोठ्यानं, तोंड न झाकता.

"अगं, नको ना रडू! दूध पार आटेल—" खाला धावली. त्या धक्क्यानं पोर जागी झाली आणि तिनं टाहो फोडला.

अवातिफनं डोळे पुसायच्या आत तिचा झगा छातीशी भिजला होता. दोन्हीकडे. ओल पसरतच गेली.

"दे," अवातिफ म्हणाली. ती मुळावरच बसली. पोरीनं तोंड लावलं, घोट घेतला, ठसकली आणि परत तुटून पडली. गिळल्याचा आवाज खालालाही ऐकू येत होता.

खालानं कालव्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मीच म्हणत होते, बाळंतिणीला जरा मोकळी हवा हवी."

"हो, तूच म्हणत होतीस."

पोर झोपल्यावर अवातिफनं राहिलेले घोस चिरले. मधूनमधून डोळे भरत होते. ते तिनं तसेच भरू दिले.

गुरुवारी काटा एकशे साठ ग्रॅम पुढे गेला. नर्सनं पोरीला उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा वाचलं आणि हसून म्हणाली, "इस्पितळ राहू द्या." खाला तिथल्या बाकावर मटकन बसली.

घरी न जाता दोघी झाडाकडे वळल्या. उंबरं टपोरी, गुलाबी झाली होती; प्रत्येकाच्या तोंडाशी चिरेचा काळा डाग. अवातिफनं एक तोडून अर्धं केलं आणि अर्धं खालाला दिलं.

खालानं सावकाश खाल्लं. "शहाता असता तर पहिलं तुझ्या तोंडात घातलं असतं."

"नाव घेतलंस, खाला."

"घेतलं तर घेतलं," खाला म्हणाली. "आता काय व्हायचंय त्यानं? दुसरं काढ. ते वरचं, मोठं."